बी पेशींचा रिसेप्टर कसा घडतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले जीवशास्त्राचे विद्यार्थी, आणि कधीकधी त्यांचे पालकही, प्रतिकारशक्तीविषयी जे प्रश्न मला विचारतात ते फिरूनफिरून एकाच ठिकाणी येतात: ज्या जंतूशी शरीराची कधी गाठच पडली नाही, त्याला ओळखणारा रेणू शरीराजवळ आधीपासून कसा असतो? जंतूला चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना बी पेशी म्हणतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरचा हा ओळखणारा रेणू म्हणजे रिसेप्टर. त्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण पाठ्यपुस्तकात नेमका तोच भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

“बी पेशी” या नावातले “बी” कुठून आले?

त्याचा बियाण्याच्या “बी”शी संबंध नाही. कोंबडीच्या शरीरात शेपटीकडच्या बाजूला “बर्सा ऑफ फॅब्रिशियस” नावाची एक लहान पिशवी असते. ही पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत, हे ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवले आणि “बर्सा”चे आद्याक्षर या पेशींना चिकटले. माणसाला बर्सा नसते. आपल्या शरीरात या पेशी गर्भावस्थेत आधी यकृतात आणि नंतर आयुष्यभर अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये, तयार होतात.

रिसेप्टर आणि प्रतिपिंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

मूळ रेणू एकच आहे. दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या एकमेकींत गुंतून इंग्रजी “वाय” अक्षराच्या आकाराचे प्रथिन बनते. त्याची दोन टोके जंतूच्या एखाद्या विशिष्ट भागाला चिकटतात. हे प्रथिन पेशीच्या आवरणात रोवलेले असते तेव्हा आपण त्याला रिसेप्टर म्हणतो, आणि तीच पेशी पुढे प्लाझ्मा पेशी होऊन ते रक्तात सोडू लागते तेव्हा प्रतिपिंड म्हणतो. एका बी पेशीच्या पृष्ठभागावर असे सुमारे १ लाख रिसेप्टर असतात आणि ते सगळे एकसारखे असतात. त्यांच्या शेजारी आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा ही दोन छोटी प्रथिने असतात, जी बाहेर काहीतरी चिकटल्याचा निरोप पेशीच्या आत पोहोचवतात.

जंतू शरीरात शिरल्यावर त्याच्या मापाचा रिसेप्टर बनवला जातो, असेच ना?

असे नाही, आणि हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे म्हणून त्याचे उत्तर सावकाश द्यावे लागते. शिंपी अंगाचे माप घेऊन सदरा बेततो तशी कल्पना आपल्या मनात असते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामवंत शास्त्रज्ञांचीही तीच कल्पना होती. प्रत्यक्षात बी पेशी आपला रिसेप्टर अस्थिमज्जेत असतानाच, कोणताही जंतू पाहण्याआधी, डीएनएची कापाकापी आणि जोडाजोड करून बनवते. कोणते तुकडे जोडले जावेत हे बरेचसे योगायोगावर अवलंबून असते. त्यामुळे शरीरात कोणत्याही क्षणी कोट्यवधी वेगवेगळे रिसेप्टर बाळगणाऱ्या पेशी फिरत असतात. जंतू आला की तो नवे काही घडवत नाही. आधीच घडलेल्यांपैकी ज्या थोड्या पेशींचा रिसेप्टर त्याच्याशी जुळतो, त्यांनाच वाढीची संधी मिळते. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये ही निवडीची कल्पना मांडली, आणि लस का काम करते याचा आजचा खुलासाही याच कल्पनेवर उभा आहे. पुढची सगळी उत्तरे वाचताना हा क्रम, म्हणजे आधी घडण आणि मग निवड, मनात धरून ठेवावा.

माणसाची प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत, मग कोट्यवधी रिसेप्टर येतात कुठून?

प्रत्येक रिसेप्टरसाठी वेगळे जनुक नसते हे विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी १९६५ मध्येच तर्काने सुचवले होते. पुरावा मात्र १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी दिला. उंदराच्या गर्भातील डीएनए आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या गाठीच्या पेशींमधील डीएनए त्यांनी शेजारीशेजारी तपासले, तेव्हा गर्भात एकमेकांपासून दूर असलेले जनुकाचे दोन भाग गाठीच्या पेशींमध्ये जवळ आलेले आढळले. शरीरातील प्रत्येक पेशीचा डीएनए सारखाच असतो, या समजुतीला एवढा मोठा अपवाद निघेल असे फार थोड्यांना वाटले होते. या कामासाठी तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब पाहू. जड साखळीचे जनुक १४व्या गुणसूत्रावर सलग लिहिलेले नसून तुकड्यांच्या रूपात असते: कामाचे व्ही तुकडे सुमारे ४०, डी तुकडे सुमारे २३ आणि जे तुकडे ६. प्रत्येक गटातून एकेक उचलला तर ४० × २३ × ६ म्हणजे ५,५२० जोड्या होतात. हलक्या साखळीला डी तुकडे नसतात. २ऱ्या गुणसूत्रावरील कॅपा जातीत सुमारे ४० व्ही आणि ५ जे, म्हणजे २०० जोड्या, आणि २२व्या गुणसूत्रावरील लॅम्डा जातीत सुमारे ३० व्ही आणि ४ जे, म्हणजे १२० जोड्या. कोणतीही जड साखळी कोणत्याही हलक्या साखळीशी जुळू शकते असे धरले, तर ५,५२० × ३२० म्हणजे १७,६६,४०० प्रकार होतात. हे आकडे माणसामाणसांत थोडे बदलतात, पण त्यांचा आवाका तोच राहतो. सतरा लाख म्हणजे काही कोट्यवधी नव्हेत. उरलेली विविधता तुकड्यांच्या निवडीतून येत नाही, ती सांध्यातून येते, आणि तिकडेच आता जायचे आहे.

डीएनए कापला आणि जोडला जातो, म्हणजे प्रत्यक्ष काय होते?

कापण्याचे काम रॅग-१ आणि रॅग-२ ही दोन प्रथिने मिळून करतात. त्यांची जनुके अमेरिकेत डेव्हिड शाट्झ, मार्जोरी ओटिंजर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८९ आणि १९९० मध्ये शोधली. ही प्रथिने वाढत्या बी पेशी आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) यांखेरीज इतरत्र जवळजवळ आढळत नाहीत, आणि तेच योग्य आहे, कारण डीएनए कापणारी कात्री प्रत्येक पेशीत मोकळी फिरली असती तर अनर्थ ओढवला असता.

कुठे कापायचे ते प्रत्येक तुकड्याच्या कडेला लिहिलेले असते: आधी ७ अक्षरांची (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एकेक घटक) खूण, मग १२ किंवा २३ अक्षरांची मोकळी जागा आणि शेवटी ९ अक्षरांची खूण. डीएनएचा पीळ साधारण साडेदहा अक्षरांत एक फेरा पूर्ण करतो, म्हणून १२ म्हणजे सुमारे एक फेरा आणि २३ म्हणजे सुमारे दोन फेरे. रॅग नेहमी एक १२ ची खूण आणि एक २३ ची खूण एकत्र पकडते, दोन सारख्या खुणा जोडत नाही. जड साखळीत व्ही आणि जे या दोघांजवळ २३ ची खूण असते आणि डी च्या दोन्ही बाजूंना १२ ची, त्यामुळे डी ला वगळून व्ही थेट जे ला जोडला जाऊ शकत नाही. इतक्या साध्या मापाने इतकी मोठी चूक टळावी, हे मला दरवर्षी शिकवताना नव्याने भावते.

कापल्यावर तुकड्याच्या टोकाशी डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जोडले जाऊन केसांच्या पिनेसारखा बंद वळसा तयार होतो. तो उघडण्याचे काम आर्टेमिस नावाचे प्रथिन करते, पण ते प्रत्येक वेळी बरोबर मध्यभागी उघडत नाही. त्यामुळे एक धागा लांब आणि दुसरा आखूड राहतो आणि ती उणीव भरताना दोनचार अक्षरे वाढतात. काही वेळा टोकाची अक्षरे कुरतडलीही जातात. त्यात टीडीटी नावाचे विकर कोणताही नमुना समोर न ठेवता टोकाला मनाला येईल तशी अक्षरे लावत जाते. शेवटी कू प्रथिने, डीएनए-पीके, एक्सआरसीसी-४ आणि लायगेज-४ ही मंडळी दोन टोके सांधतात. सांधणारी ही प्रथिने शरीरातील सर्वच पेशींत असतात आणि तुटलेला डीएनए दुरुस्त करणे हे त्यांचे रोजचे काम आहे. बी पेशीने ते आपल्या कामी लावून घेतले आहे. जंतूला चिकटणाऱ्या भागात हा सांधा अगदी मध्यावर येतो, त्यामुळे त्यातील दोन अक्षरांचा फरकही रिसेप्टरचा स्वभाव बदलून टाकतो.

हे आरएनए स्प्लायसिंगच झाले ना?

नाही. परीक्षेत हे उत्तर हमखास चुकते. स्प्लायसिंगमध्ये आरएनएची प्रत कापली जाते आणि मूळ डीएनए शाबूत राहतो. येथे डीएनएच कापला जातो आणि मधला गेलेला भाग त्या पेशीला पुन्हा मिळत नाही. जुळलेला व्हीडीजे भाग साखळीच्या स्थिर भागाला जोडताना नंतर स्प्लायसिंगही होते, पण ती वेगळी पायरी आहे.

अक्षरे अशी मनमानी वाढली-घटली तर जनुक बिघडत नाही का?

बहुतेक वेळा बिघडते. पेशी डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते, आणि याचा अर्थ कळण्यासाठी मी वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहितो, ज्यातील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे:

शेतात कापूस वेचला आईने

आता पहिल्या शब्दानंतर फक्त एक “म” घाला आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: “शेतात मकापू सवेच लाआई ने”. पुढचे सगळे वाक्य मोडले. मात्र त्याच जागी “आमचा” ही तीन अक्षरे घातली, तर “शेतात आमचा कापूस वेचला आईने” असे वेगळ्या अर्थाचे पण पूर्ण वाचता येणारे वाक्य मिळते. सांध्यात वाढलेल्या आणि घटलेल्या अक्षरांचा एकूण हिशेब तीनच्या पटीत बसला तरच साखळी बनते, आणि ढोबळमानाने तीन प्रयत्नांपैकी एकच असा बसतो. पेशीजवळ आईकडून आलेले एक आणि वडिलांकडून आलेले एक अशी १४व्या गुणसूत्राची दोन रूपे असतात. पहिल्यावर जमले नाही तर दुसऱ्यावर प्रयत्न होतो. कागदावरच्या हिशेबाने दोन्ही संधी धरून ९ पैकी ५ पेशींचे काम जमते आणि उरलेल्या पेशी तिथेच मरतात. विविधतेची ही किंमत शरीर रोज मोजते.

साखळी जमली की नाही हे पेशीला कसे कळते?

क्रम असा आहे. प्रो-बी नावाच्या टप्प्यात आधी डी आणि जे जोडले जातात, मग त्यांना व्ही जोडला जातो. जड साखळी बनली की तिची परीक्षा होते, पण अडचण अशी की हलकी साखळी अजून अस्तित्वातच नसते आणि तिच्याशिवाय जड साखळी पृष्ठभागावर टिकत नाही. म्हणून पेशी व्हीप्री-बी आणि लॅम्डा-५ या दोन ठरावीक प्रथिनांची एक तात्पुरती हलकी साखळी पुरवते. चालू घराचे बांधकाम धिऱ्यांवर तोलून धरावे तशी ती जड साखळीला धरून ठेवते आणि या जोडीला प्री-बी रिसेप्टर म्हणतात. तो पृष्ठभागाशी पोहोचला, म्हणजेच साखळी नीट घडली आहे, हा निरोप बीटीके नावाच्या विकरासह अनेक प्रथिनांमार्फत आत जातो.

त्या एका निरोपाने तीन गोष्टी घडतात. रॅगचे काम थांबते; १४व्या गुणसूत्राच्या दुसऱ्या रूपावरचे जनुक बंद ठेवले जाते, म्हणजे एका पेशीत दोन वेगळ्या जड साखळ्या येत नाहीत; आणि पेशी अनेकदा विभागते. विभागणीचा फायदा मोठा आहे. एवढ्या खटपटीने मिळालेली एक चांगली जड साखळी आता अनेक पेशींत जाते आणि त्यांतील प्रत्येक पेशी पुढे आपापली वेगळी हलकी साखळी निवडते. विभागणी चालू असताना डीएनए कापणे धोक्याचे असते, म्हणून रॅग-२ त्या काळात मोडून टाकले जाते आणि पेशी विसावल्यावरच कात्री पुन्हा हाती येते.

हलकी साखळी कशी निवडली जाते?

आधी कॅपाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लॅम्डाचा. येथे डी नसल्यामुळे उरलेल्या व्ही आणि जे तुकड्यांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करता येतो, त्यामुळे या पायरीवर बहुतेक पेशींचे जमून जाते. माणसाच्या बी पेशींत कॅपा आणि लॅम्डा यांचे प्रमाण साधारण २:१ असते. एखाद्या रुग्णात ते फारच एकतर्फी झालेले दिसले, तर त्या पेशी एकाच पूर्वज पेशीपासून बेसुमार वाढल्या असाव्यात अशी शंका डॉक्टर घेतात.

योगायोगाने बनलेला रिसेप्टर स्वतःच्याच शरीराला चिकटला तर?

तसे पुष्कळदा होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या अगदी नवजात बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशींचे रिसेप्टर स्वतःच्या शरीरातील घटकांना चिकटणारे आढळले. हा आकडा ऐकून विद्यार्थी चपापतात, पण योगायोगाने घडलेल्या गोष्टीकडून आपपरभावाची अपेक्षा ठेवताच येत नाही. ती समज निवडीतून येते. अस्थिमज्जेत असतानाच अशा पेशीला शरीराचे घटक भेटतात. तिचा रिसेप्टर घट्ट चिकटला तर ती पुन्हा रॅग सुरू करून हलकी साखळी बदलून पाहते. याला रिसेप्टर-संपादन म्हणतात. बदल करूनही जमले नाही तर ती पेशी मरते, आणि सौम्यपणे चिकटणाऱ्या काही पेशी जिवंत पण निष्क्रिय राहतात. यातून पार पडलेल्या पेशी रक्तावाटे प्लीहेत जाऊन परिपक्व होतात. चाळणी शंभर टक्के नसते, आणि ल्युपससारख्या स्वयंप्रतिकार आजारांत ती जास्त सैल आढळते.

लस घेतल्यावर प्रतिपिंडे सुधारत जातात, तेही याच पद्धतीने का?

नाही. ती सुधारणा पुढे लसिकाग्रंथींमध्ये, जंतू किंवा लस भेटल्यानंतर, एआयडी नावाच्या वेगळ्या विकरामुळे होते. त्या वेळी तुकड्यांची नवी जुळवाजुळव होत नाही, जुळलेल्या जनुकात एकेका अक्षराचे बदल होतात.

केळीच्या बागेशी याची तुलना करता येईल का?

रावेर आणि यावलच्या मुलांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला तो फार आवडला. टिश्यूकल्चरची ग्रँड नैनची रोपे एकमेकांची हुबेहूब प्रत असतात, त्यामुळे घड एकसारखे निसवतात आणि विकायला सोपे जातात. पण कुकुंबर मोझॅक विषाणूसारखा रोग आला की एकाला जे होते ते सगळ्यांना होऊ शकते, कारण वेगळेपण कुठेच नसते, आणि शेतकऱ्याला रोगट झाडे उपटून फेकावी लागतात. अस्थिमज्जा नेमके उलटे करते: ती प्रत्येक बी पेशी वेगळी घडवते. आणि जंतू आल्यावर मात्र शरीर केळीच्या मार्गाने जाते, निवडलेल्या एका पेशीच्या हजारो हुबेहूब प्रती काढते, एका कंदाच्या मुनव्यांवर पिलबाग उभी राहावी तशी.

बी पेशीतील हा बदल मुलांमध्ये उतरतो का? सिकलसेल उतरतो तसा?

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून हा प्रश्न येतो, कारण तेथे सिकलसेल घराघरांत ठाऊक आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा बदल जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत, बीजांड आणि शुक्रपेशी धरून, असतो. म्हणून आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बी पेशीतील जुळवाजुळव त्या एका पेशीत आणि तिच्या लेकी पेशींतच राहते, बीजांडात किंवा शुक्रपेशीत कधीच जात नाही. त्यामुळे आईवडिलांना आयुष्यात कितीही रोग झालेले असले तरी बाळ आपली जुळवाजुळव पहिल्यापासून स्वतः करते. आईची तयार प्रतिपिंडे त्याला नाळेतून मिळतात, पण ती काही महिन्यांत संपतात. सिकलसेलच्या मुलांत रिसेप्टर घडण्याचे काम बिघडलेले नसते, मात्र त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका वाढतो, म्हणून त्यांचे लसीकरण चुकवू नये.

या घडणीत दोष असला तर मुलाला काय होते?

रॅग किंवा आर्टेमिसमध्ये मोठा दोष असेल तर बी आणि टी या दोन्ही पेशी बनत नाहीत आणि बाळाला पहिल्या काही महिन्यांतच गंभीर संसर्ग होऊ लागतात. याला एससीआयडी म्हणतात आणि वेळेत केलेले अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा त्यावरचा प्रमुख उपचार आहे. दोष आईवडील दोघांकडूनही यावा लागतो, त्यामुळे जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आपल्याकडे बीसीजीची लस जन्मतःच देतात आणि त्यात जिवंत, दुबळे केलेले जंतू असतात. घरातील आधीचे एखादे मूल तान्हेपणीच वारंवार संसर्ग होऊन दगावले असेल, तर बीसीजी देण्यापूर्वी ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. असा इतिहास नसलेल्या घरांनी मात्र या कारणाने लस टाळू नये.

बीटीकेमध्ये दोष असेल तर पेशी प्री-बीच्या परीक्षेतच अडकतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो आणि आईची प्रतिपिंडे संपल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर, कान आणि छातीचे संसर्ग वारंवार होऊ लागतात. ऑग्डेन ब्रुटन यांनी या आजाराचे वर्णन १९५२ मध्ये केले आणि कारणीभूत जनुक १९९३ मध्ये सापडले. नियमित इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, दिल्यास अशी मुले शाळेत जातात, मोठी होतात.

रक्ताच्या कर्करोगाशी या विषयाचा काय संबंध?

मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुतेक वेळा याच अर्धवट घडलेल्या बी पेशींतून उद्भवतो. त्याच्या काही प्रकारांत रॅगने चुकीच्या जागी केलेले काप डीएनएत सापडतात. पण याच जुळवाजुळवीचा डॉक्टरांना उपयोगही होतो. कर्करोगाच्या सगळ्या पेशी एका पेशीपासून वाढलेल्या असल्यामुळे त्यांचा व्हीडीजे सांधा एकसारखा असतो आणि निरोगी पेशींत तो सहसा आढळत नाही. म्हणून उपचारानंतर तो सांधा शोधून १०,००० ते १ लाख पेशींमागे एखादी रोगट पेशी उरली आहे का ते तपासता येते. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा लेझरने तपासूनही, उरलेला रोग मोजता येतो आणि ती पद्धत जास्त ठिकाणी उपलब्ध असते. सांध्यावरून तपासणी करायची असेल तर मात्र मूळ सांधा कोणता होता हे आधी ठाऊक असावे लागते, म्हणून औषधे सुरू होण्यापूर्वी घेतलेला अस्थिमज्जेचा किंवा रक्ताचा नमुना जपून ठेवला आहे ना, हे नातेवाइकांनी पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.